काचेनं सांगायचं, द्रवस्फटिकानं ऐकायचं

काचेवर पॉलिइमाइड नावाच्या प्लास्टिकचा एक थर देतात. थर कसला, नुसता लेप. जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. भट्टीत तापवून तो पक्का झाला, की मखमली कापड गुंडाळलेला रूळ त्याच्यावरून फिरवतात, एकाच दिशेनं. बस्स, एवढंच. घड्याळं, कॅल्क्युलेटर, लॅपटॉप, टीव्ही अशा कोट्यवधी पडद्यांचा पाया कित्येक दशकं ही एवढीशी कृती होती, आणि बऱ्याच ठिकाणी आजही आहे.

घासलेली काच उजेडात धरून पाहा, वेगळं काही दिसत नाही. बोट फिरवा, हाताला काही लागत नाही. पण तिच्यावर द्रवस्फटिकाचा, म्हणजे एलसीडी या नावातल्या ‘लिक्विड क्रिस्टल’चा, एक थेंब ठेवला की मखमल कुठून कुठे गेली होती हे त्या थेंबाला बरोबर कळतं. त्यातले रेणू त्याच दिशेला आडवे होतात. काचेला चिकटलेलेच नव्हे, काचेपासून हजारो रेणू दूर असलेलेही.

आणि मखमलीचं हे काम नुसत्या प्रकाशालाही करता येतं. काचेला हात न लावता, फक्त योग्य प्रकारचा उजेड पाडून. हे कसं घडतं ते नीट समजून घ्यायचं असेल तर आधी या द्रवाचा स्वभाव कळायला हवा.

१८८८ साली प्रागमध्ये फ्रिडरिश रायनित्झर हे वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनवलेल्या एका पदार्थाचा वितळणबिंदू मोजत होते. त्यांना एक नव्हे, दोन बिंदू मिळाले. १४५.५ अंश सेल्सियसला पदार्थ वितळला, पण द्रव दुधासारखा गढूळ होता. १७८.५ अंशांना तो एकदम नितळ झाला. रायनित्झर यांनी नमुना ओटो लेहमान या भौतिकशास्त्रज्ञांकडे पाठवला. सूक्ष्मदर्शकाखाली लेहमान यांना दिसलं, की हा गढूळ द्रव वाहतो द्रवासारखा, पण प्रकाशाशी वागतो स्फटिकासारखा.

त्यामागचं कारण रेणूंच्या आकारात आहे. असे रेणू बहुधा काडीसारखे लांबट असतात. प्रयोगशाळेत सर्रास वापरला जाणारा ५सीबी नावाचा द्रवस्फटिक घ्या. त्याचा रेणू सुमारे दोन नॅनोमीटर लांब आणि अर्धा नॅनोमीटर जाड. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) ३५ अंशांच्या वर हा साधा द्रव असतो, काड्या कशाही पडलेल्या. त्याखाली आला की काड्या साधारण एका दिशेनं राहू लागतात. जागा मात्र पक्की नसते. त्या एकमेकींवरून घसरत, इकडेतिकडे वाहत असतात. जागेची शिस्त नाही, दिशेची आहे. या अवस्थेला नेमॅटिक म्हणतात, आणि या लेखात आपण तिच्याबद्दलच बोलणार आहोत.

दिशेची शिस्त म्हटली, तरी ती कवायतीसारखी कडक नसते. उष्णतेमुळे प्रत्येक रेणू सतत डुलत असतो. सगळ्यांची सरासरी काढली की एक दिशा हाती लागते, तिला आपण ‘कल-अक्ष’ म्हणू. अक्ष म्हणायचं कारण असं, की त्याला पुढचं-मागचं टोक नसतं. उत्तर-दक्षिण म्हणा किंवा दक्षिण-उत्तर म्हणा, या द्रवाच्या दृष्टीनं एकच. हा मुद्दा लक्षात असू द्या. पुढे तो बराच त्रास देणार आहे.

आता खरी गोम. एकट्या पडलेल्या नेमॅटिक द्रवाला कोणतीच दिशा जास्त प्रिय नसते. सगळ्यांनी मिळून एका दिशेनं राहायचं हे ठरलेलं, पण ती दिशा कोणती हे ठरलेलं नाही. सगळा समूहच्या समूह एका दिशेकडून दुसरीकडे वळवायला जवळजवळ काहीच ऊर्जा लागत नाही. ऊर्जा लागते ती शेजाऱ्याशेजाऱ्यांत फरक पाडायला: एका ठिकाणी अक्ष असा आणि थोड्या अंतरावर तसा असेल, तर मधल्या भागाला वाकावं किंवा पीळ घ्यावा लागतो. तो ताणही फार मोठा नसतो. द्रवस्फटिकाची लवचीकता मोजायचा जो स्थिरांक आहे तो सुमारे दहा पिकोन्यूटन, म्हणजे न्यूटनचा एक लाख कोटीवा भाग गुणिले दहा. इतका नाजूक प्रकार. म्हणून कडेला कुणी बारीकसा इशारा दिला, तरी बाकीचा द्रव तो उचलतो. कारण त्याच्याकडे तो न मानण्याचं कारणच नसतं.

मी हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं ते अजून डोळ्यांपुढे आहे. दोन काचपट्ट्या पुसून घेतल्या, कसलाही लेप न देता. मध्ये ५सीबीचा थेंब, आणि वर-खाली एकमेकांना काटकोनात धरलेले दोन ध्रुवक. ध्रुवक म्हणजे एकाच रेषेत कंप पावणारा प्रकाश पलीकडे सोडणारी पापुद्र्यासारखी फिल्म. असे दोन ध्रुवक काटकोनात धरले की मधून उजेड येतच नाही, मात्र मध्ये द्रवस्फटिक असेल तर तो त्या प्रकाशाचं कंपन बदलतो आणि उजेड पलीकडे पोहोचतो. भिंगातून दिसलं ते एखाद्या डागाळलेल्या रंगीत संगमरवरासारखं होतं. काळे पट्टे एका बिंदूपाशी येऊन मिळत होते, पुन्हा फुटत होते. जिथं पट्टे मिळत होते, तिथं अक्ष कुठल्या बाजूला धरावा हे द्रवाला ठरवताच आलेलं नव्हतं.

मग दुसरी जोडी घेतली. तिला पॉलिइमाइडचा लेप होता आणि मखमलीनं ती एकदाच घासलेली होती. तोच द्रव, तोच थेंब. या वेळी भिंगाखाली एकही डाग नव्हता. सगळं क्षेत्र एकसारखं उजळ. नमुना हळूहळू फिरवला, तसा उजेड मंद होत गेला आणि एका क्षणी सगळीकडे मिट्ट काळोख झाला. आणखी पंचेचाळीस अंश फिरवला की पुन्हा पूर्ण उजेड, आणखी पंचेचाळीसला पुन्हा काळोख. तो काळोख मला पहिल्या पट्टीतल्या रंगांपेक्षा जास्त सुंदर वाटला. एवढ्या मोठ्या क्षेत्रातला झाडून सगळा द्रव एकच गोष्ट म्हणत होता.

घासल्यानं काचेवर नेमकं काय होतं? यावर बराच काळ वाद होता, आणि तो वाद वाचण्यासारखा आहे.

सरळ सुचणारं उत्तर म्हणजे ओरखडे. मखमलीच्या तंतूंनी लेपावर एका दिशेत अतिसूक्ष्म खाचा पडत असणार आणि काड्या त्या खाचांत पडत असणार. १९७२ मध्ये ड्वाइट बेरेमन यांनी ही कल्पना गणितात बसवली, आणि त्यात एक सुरेख दुरुस्ती केली. खाच रेणूच्या मापाची असायची काही गरजच नाही, असं त्यांनी दाखवलं. अक्ष खाचांना समांतर असेल तर द्रवाला कुठेच वाकावं लागत नाही. खाचांना आडवा असेल, तर प्रत्येक उंचवट्यापाशी वर चढायचं आणि पुढे खाली उतरायचं, म्हणजे सारखं वाकत राहायचं. वाकायला ऊर्जा लागते, म्हणून द्रव समांतर राहणं पसंत करतो. हिशेबातून आणखी एक गोष्ट निघाली. खोली तीच ठेवून खाचांमधलं अंतर निम्मं केलं, तर ही ऊर्जा आठपट होते. खाचा जितक्या दाट, तितका इशारा ठाम.

दुसरं उत्तर रसायनाच्या बाजूनं आलं. पॉलिइमाइड म्हणजे लांबच लांब साखळ्यांचा गुंता. मखमल त्यावरून ओढली गेली, की केस विंचरल्यावर एका बाजूला बसावेत तशा वरच्या साखळ्या ओढीच्या दिशेनं सरळ होतात. द्रवस्फटिकाचा रेणू या साखळ्यांना लगटून बसतो, मग खाचा असोत वा नसोत. १९९५ मध्ये क्ष-किरण पृष्ठभागाला जवळजवळ घासून जातील इतक्या तिरक्या कोनात सोडून केलेल्या मोजणीत दिसलं, की घासल्यावर लेपाच्या अगदी वरच्या थरातल्या साखळ्या खरोखरच रांगेत येतात.

दोन्ही कारणं खरी आहेत. नुसत्या खाचा कोरूनही द्रवस्फटिक रांगेत येतो, हे करून पाहिलेलं आहे. पण घासलेल्या पॉलिइमाइडच्या बाबतीत वजन साखळ्यांच्या बाजूला जास्त पडतं असं मला वाटतं, आणि त्याचा सगळ्यांत बोलका पुरावा म्हणजे पुढे येणारा प्रकाशाचा प्रयोग. तिथं पृष्ठभागावर एकही खाच नसते, तरी द्रव ऐकतो.

पृष्ठभागाचं म्हणणं किती ठाम, हे मोजताही येतं. काचेनं ठरवलेल्या दिशेपासून द्रवाला जबरदस्तीनं दूर वळवायला दर चौरस मीटरमागे किती ऊर्जा लागते, ते काढतात. याला इंग्रजीतून आलेला शब्द अँकरिंग. आपण ‘पकड’ म्हणू. घासलेल्या पॉलिइमाइडची पकड साधारण ज्यूलचा दहा हजारावा भाग, कधी त्याहून जास्त. आकडा ऐकून काहीच बोध होत नाही, म्हणून दुसऱ्या तऱ्हेनं पाहू. द्रवाच्या लवचीकतेच्या स्थिरांकाला पकडीनं भागलं की एक अंतर मिळतं. इथं ते येतं एक दशांश मायक्रोमीटर. (एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) पडद्यातल्या दोन काचांमधलं अंतर असतं तीन ते पाच मायक्रोमीटर. पहिलं अंतर दुसऱ्याच्या मानानं नगण्य असेल, तर पकड घट्ट: मध्ये काहीही होवो, काचेलगतचा द्रव हलत नाही. पकड शंभरपट सैल केली, तर तेच अंतर दहा मायक्रोमीटर होतं, म्हणजे काचांमधल्या फटीपेक्षाही मोठं. अशा काचेचं बोलणं द्रव फारसं मनावर घेत नाही.

रेणू काचेवर आडवेच पडले पाहिजेत असंही नाही. साबणासारखे, एका टोकाला लांब शेपटी असलेले रेणू काचेवर दाटीवाटीनं उभे केले, तर द्रवस्फटिकाच्या काड्या त्या शेपट्यांच्या मधून घुसून ताठ उभ्या राहतात. मग काटकोनातल्या ध्रुवकांमधून वरून पाहिलं तर सगळा द्रव काळा दिसतो, कारण प्रकाश काडीच्या लांबीच्या दिशेनं जातो आणि त्याला डावं-उजवं काही वेगळं भासत नाही. आडवं, उभं, किंवा मधला कुठलाही कोन, सगळं पृष्ठभागाच्या रसायनावर ठरतं.

आता या सगळ्याचा पडद्यात उपयोग. खालची काच एका दिशेनं घासलेली आणि वरची तिच्याशी काटकोनात. दोघींची पकड घट्ट. मधला द्रव कुणाचंच मोडू शकत नाही, म्हणून तो खालून वर जाताना हळूहळू नव्वद अंशांचा पीळ घेतो, गोल जिन्यासारखा. असा पीळ फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ शार्ल मोगँ यांनी १९११ मध्येच अभ्यासला होता, आणि प्रकाशाचं कंपन त्या पिळाबरोबर वळत जातं हेही त्यांनी पाहिलं होतं. तब्बल साठ वर्षांनी, १९७१ मध्ये, मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फ्रिश यांनी त्याला विजेची जोड दिली. काचांच्या दोन्ही बाजूंना काटकोनात ध्रुवक असतात, आणि पिळामुळे प्रकाश त्यांतून पलीकडे जातो. व्होल्टेज दिलं की मधले रेणू उभे होतात, पीळ सुटतो, प्रकाश अडतो. व्होल्टेज काढलं की पीळ परत येतो.

तो परत येतो हे महत्त्वाचं. वीज रेणूंना उभं करते, पण त्यांना पुन्हा आडवं करायला कुणी वीज वापरत नाही. ते काम काचा करतात. काचेलगतचे रेणू मुळात हललेलेच नसतात. त्यांच्या आधारानं बाकीचे मागे येतात. पडद्यावर एक चित्र जाऊन दुसरं येतं तेव्हा निम्मं काम त्या मखमलीच्या एका फेऱ्यानं आधीच करून ठेवलेलं असतं.

इथं मघाची ती अडचण उपटते. अक्षाला टोक नसतं. पूर्ण आडवी काडी उभी करायची, तर डावं टोक वर उचलायचं की उजवं? द्रवाला दोन्ही सारखंच. मग पडद्याच्या एका भागातल्या काड्या डाव्या टोकानं उठतात, शेजारच्या भागातल्या उजव्या, आणि दोन्ही भाग भेटतात तिथं एक वेडीवाकडी रेघ उमटते. हे टाळायचं तर काड्या आधीपासूनच थोड्या तिरक्या हव्यात. एक-दोन अंश, फार तर चार-पाच. मखमल हे आपोआप करते: तंतू एका बाजूनं येऊन दुसऱ्या बाजूला जातात, त्यामुळे लेपाला पुढचं-मागचं असा फरक मिळतो आणि काड्या एका टोकानं किंचित वर उचललेल्या राहतात.

मग मखमलीत खोट काय? ती स्पर्श करते, हीच खोट. कापडाचे तंतू तुटून धूळ होते, आणि पडद्याच्या कारखान्यात धुळीसारखा शत्रू नाही. घासल्यानं स्थिर वीज साठते, तीही अशा काचेवर जिच्यावर आधीच लाखो नाजूक ट्रान्झिस्टर बसवलेले असतात. कुठे तंतू जास्त दाबला गेला, तर तिथं बारीक रेघ राहते. आणि रूळ एका काचेवर एकच दिशा देऊ शकतो. केसाएवढ्या जागेत चार वेगवेगळ्या दिशा हव्या असतील, तर मखमलीनं ते होणं नाही.

प्रकाशाची गोष्ट इथून सुरू होते. तिची नायिका आहे अझोबेंझीन. दोन बेंझीन कड्या, आणि त्यांना जोडणारे दोन नायट्रोजन अणू. एरवी हा रेणू सरळ, काडीसारखा असतो. अतिनील प्रकाशाचा कण त्यानं शोषला की नायट्रोजनपाशी तो मोडल्यासारखा वाकतो, कोपरात दुमडलेल्या हातासारखा. निळसर दृश्य प्रकाश पडला किंवा नुसता वेळ गेला, की पुन्हा सरळ. असं हजारो वेळा करता येतं.

१९८८ मध्ये जपानमधल्या कुनिहिरो इचिमुरा यांच्या गटानं अझोबेंझीनचे रेणू काचेवर एका थरात बांधून टाकले. एकच थर, रेणूभर जाडीचा. वर द्रवस्फटिक भरला. अझोबेंझीन सरळ असताना द्रवस्फटिकाच्या काड्या ताठ उभ्या राहिल्या. अतिनील प्रकाश टाकला, थरातले रेणू दुमडले, आणि वरचा सगळा द्रव आडवा झाला. दृश्य प्रकाश टाकला, पुन्हा उभा. या थराला त्यांनी जे नाव दिलं त्याचा अर्थ होतो ‘हुकूम देणारा पृष्ठभाग’. नाव अगदी चपखल आहे. प्रकाशानं हलवलं ते फक्त तळाच्या रेणूंना, आणि त्यांच्यातल्या एकेकाच्या शब्दावर हजारो वळले.

पण यात उभं की आडवं एवढंच ठरत होतं. आडवं तर कोणत्या दिशेनं, हे सांगायला ध्रुवित प्रकाश लागतो, म्हणजे एकाच रेषेत कंप पावणारा. त्याची करामत समजायला एक गोष्ट पुरे: काडीसारखा रेणू प्रकाश सगळ्यांत जास्त शोषतो तो त्याची लांबी प्रकाशाच्या कंपनरेषेत असताना. कंपनरेषेशी काटकोनात असेल तर जवळजवळ शोषतच नाही.

आता एका थरात अझोबेंझीनचे रेणू सगळ्या दिशांना पडलेले आहेत असं समजा, आणि त्यांच्यावर उत्तर-दक्षिण कंप पावणारा प्रकाश टाका. उत्तर-दक्षिण पडलेले रेणू तो भराभर शोषतात, दुमडतात, परत सरळ होतात. पण सरळ होताना ते पूर्वीच्याच दिशेला येतील असं नाही. प्रत्येक खेपेला थोडी दिशा बदलते. नव्या दिशेतही ते कंपनरेषेच्या जवळच असतील तर पुन्हा शोषतात, पुन्हा हलतात. फिरत फिरत एखादा रेणू पूर्व-पश्चिम झाला, की प्रकाशाला तो दिसेनासाच होतो. आता त्याला कुणी हलवत नाही. मिनिटागणिक असे सुटलेले रेणू वाढत जातात आणि शेवटी बहुतेक सगळे कंपनरेषेशी काटकोनात गोळा होतात. प्रकाशानं कुणालाही धरून वळवलेलं नाही. ज्या दिशा नकोत तिथं फक्त स्वस्थ बसू दिलं नाही.

मला या यंत्रणेचं फार कौतुक वाटतं. शिस्त लावणारं बळ कुठेच नाही, आहे ती नुसती गडबड. तरी तिच्यातून शिस्त निघते, कारण गडबड सगळीकडे सारखी नाही.

१९९१ मध्ये अमेरिकेत गिबन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रंगद्रव्य मिसळलेल्या लेपावर ध्रुवित लेसर टाकून द्रवस्फटिकाची दिशा बदलून दाखवली. दिशा कंपनरेषेशी काटकोनात वळली, आणि वेगळ्या कंपनाचा लेसर टाकून ती पुन्हा बदलता आली. पुढच्याच वर्षी शाड्ट, तेच पिळाच्या पडद्याचे, वेगळा रस्ता घेऊन आले. त्यांच्या लेपात अझोबेंझीन नव्हतं, सिनॅमेट गट लावलेल्या साखळ्या होत्या. अशा दोन गटांवर अतिनील प्रकाश पडला की ते एकमेकांना कायमचे जोडले जातात. कंपनरेषेतले गट आधी जोडले जातात, आडवे तसेच राहतात. म्हणजे इथंही दिशेची निवड प्रकाशच करतो, पण एकदा झालेला बदल मागे फिरत नाही. त्याच सुमारास सोव्हिएत संघातून नुकत्याच वेगळ्या झालेल्या युक्रेनमधल्या संशोधकांनीही याच जातीचं काम प्रसिद्ध केलं होतं.

तिसरा रस्ता आणखी साधा: पॉलिइमाइडवर तीव्र ध्रुवित अतिनील प्रकाश टाकायचा आणि कंपनरेषेतल्या साखळ्या तोडायच्या. ज्या उरल्या त्या आडव्या दिशेच्या, आणि द्रवस्फटिक त्यांच्या बाजूनं झुकतो.

कोणता रस्ता चांगला, हे काम पाहून ठरतं. अझोबेंझीन पुन्हा पुन्हा लिहिता येतं, पण म्हणूनच ते परक्या उजेडानं पुसलंही जाऊ शकतं. मागच्या दिव्यासमोर वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या पडद्यात दिशा हळूहळू सरकली, तर जुन्या चित्राची सावली नव्या चित्रावर राहते. टिकाऊपणा हवा तिथं म्हणून कायमचे जोड किंवा तोडलेल्या साखळ्या. बरीच वर्षं प्रकाशाची पद्धत प्रयोगशाळेतच अडकून पडली त्याचं एक मोठं कारण हेच होतं, की मखमलीची पकड जास्त घट्ट आणि जास्त खात्रीची होती. २००९ मध्ये शार्प कंपनीनं अतिनील प्रकाशानं रेणूंची दिशा ठरवलेले टीव्ही पॅनेल जाहीर केले, तेव्हा ही पद्धत मोठ्या कारखान्यात पोहोचल्याचं सगळ्यांना दिसलं.

तिरकेपणाचा प्रश्न मात्र प्रकाशालाही सुटलेला नव्हता. सरळ वरून पडणारा ध्रुवित प्रकाश अक्ष सांगतो, पण कोणतं टोक वर हे सांगू शकत नाही. त्याच्या कंपनालाच पुढचं-मागचं नाही. उपाय साधा निघाला. प्रकाश तिरका टाकायचा. तिरक्या किरणाला एक बाजू असते, मग लेपालाही ती मिळते. आणि जिथं तिरकेपणा अजिबात नको असतो, उदाहरणार्थ ज्या पडद्यांत रेणू उभे न राहता काचेच्या पातळीतच फिरतात, तिथं सरळ पाडलेल्या प्रकाशाची तीच उणीव गुण ठरते. मखमल नको असतानाही थोडा तिरकेपणा देऊन जाते. प्रकाश देत नाही, त्यामुळे असा पडदा कडेनं पाहिला तरी काळा रंग काळाच राहतो.

प्रकाशाची खरी मजा मला पडद्यापेक्षाही दुसरीकडे वाटते. प्रकाशानं लिहिता येतं. जाळीतून टाकला की इथं एक दिशा, तिथं दुसरी. त्याहून पुढचं म्हणजे दोन लेसर किरण घ्यायचे, एकाचं कंपन उजवीकडे गोल फिरणारं, दुसऱ्याचं डावीकडे, आणि ते लेपावर एकत्र आणायचे. उजेड सगळीकडे सारखाच पडतो, कुठेही कमी-जास्त पट्टे नाहीत. पण कंपनरेषा मात्र जागेगणिक थोडी थोडी फिरत जाते. लेप ती जशीच्या तशी टिपून घेतो, आणि वर भरलेला द्रवस्फटिक ती गिरवतो.

अशा फिरत्या अक्षांच्या पातळ थरातून प्रकाश गेला तर? थराची जाडी नेमकी निवडली, तर गोल फिरणाऱ्या प्रकाशाच्या लाटेला जागोजागी वेगवेगळा उशीर होतो, आणि तो उशीर ठरतो फक्त अक्षाच्या कोनावर. कोनाच्या बरोबर दुप्पट. यामागचं तत्त्व भारतीय भौतिकशास्त्रज्ञ एस. पंचरत्नम यांनी १९५६ मध्ये, अगदी तरुण वयात, मांडलं होतं. साध्या भिंगात काच मध्ये जाड आणि कडेला पातळ असते म्हणून लाट वळते. इथं सगळीकडे जाडी तीच, एक-दोन मायक्रोमीटर. वळतो तो फक्त रेणूंचा कोन. सपाट फिल्मचं भिंग होतं. आणि ते उजव्या गोल प्रकाशाला एकवटत असेल, तर डाव्याला फाकवतं. डोळ्यांवर लावायच्या आभासी-वास्तव उपकरणांना जाड काच नको असते, म्हणून अशा भिंगांवर बरंच काम चालू आहे.

आतापर्यंत प्रकाश भिंतीशी बोलत होता आणि भिंत द्रवाशी. प्रकाशाला थेट द्रवालाच वळवता येत नाही का? येतं, पण महाग पडतं. प्रकाश म्हणजेही विद्युतक्षेत्र, आणि क्षेत्र पुरेसं मोठं झालं की द्रवस्फटिक वळतो. चुंबकानं आणि विजेनं असं वळवताना एक किमान मर्यादा ओलांडावी लागते, हे रशियन भौतिकशास्त्रज्ञ व्सेवोलोद फ्रेदेरिक्स यांनी १९२० आणि ३०च्या दशकांत दाखवलं होतं. मर्यादेखाली काहीच होत नाही, कारण दोन्ही भिंती धरून असतात. १९८०च्या सुमारास लेसरनंही तेच करून दाखवलं गेलं. पण लागणारा झोत दर चौरस सेंटिमीटरला शेकडो वॅट किंवा त्याहूनही जास्त. भर दुपारचं ऊन जेमतेम एक दशांश वॅट. भिंतीमार्फत काम मिनमिनत्या उजेडातही होतं, थेट करायचं तर उन्हाच्या हजारो पट.

१९९०मध्ये हंगेरीतले इश्तवान यानोशी यांना यात एक अनपेक्षित गोष्ट आढळली. द्रवस्फटिकात अँथ्राक्विनोन जातीचं रंगद्रव्य किंचित मिसळलं, की ही मर्यादा सुमारे शंभरपट खाली येते. नुसत्या तापण्यानं ते समजावता येत नव्हतं. रंगाचा रेणू प्रकाश शोषतो, उत्तेजित होतो, आणि तेवढ्या वेळापुरतं शेजारच्या काड्यांशी त्याचं ओढाताणीचं नातं बदलतं. कंपनरेषेतले रेणूच जास्त उत्तेजित होतात, म्हणून हा बदल एकाच बाजूला साचत जातो आणि शेजाऱ्यांना वळवतो. पुन्हा तेच: थोड्यांना हलवायचं, बाकीच्यांनी मागे यायचं.

शेवटी एक प्रयोग सांगतो, कारण भिंत आणि द्रव यांतला फरक त्यात लख्ख दिसतो. अझो-रंगाच्या लेपावर ध्रुवित प्रकाशानं एक अक्षर लिहायचं: अक्षराच्या आत एक दिशा, बाहेर दुसरी. काचा जोडून मध्ये ५सीबी भरायचा आणि दोन ध्रुवकांमध्ये धरायचा. अक्षर स्पष्ट दिसतं. आता खालून हलकीशी ऊब द्यायची. पस्तीस अंशांच्या आसपास आल्यावर कडेकडेनं काळे ठिपके उगवतात, वाढतात, एकमेकांत मिसळतात, आणि काही क्षणांत सगळं काळं होतं. अक्षर गेलं. द्रवाची दिशाच संपली, आता तो तेलासारखा साधा द्रव आहे. ऊब काढून घ्यायची आणि थांबायचं. काळोखात पहिले उजळ थेंब दिसू लागतात, पसरतात, एकमेकांना जाऊन मिळतात. क्षणभरानं तेच अक्षर, त्याच जागी, त्याच कडांसकट परत आलेलं असतं.